लहान खोलीसाठी बेताच्या खर्चातला सबवूफर कसा निवडावा

फोंड्याहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सदनिकेतील १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच अशी एक खोली त्यांनी चित्रपट पाहण्यासाठी राखली आहे. साधा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज पुरवणारे यंत्र) आणि पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर त्यांच्याकडे आहेत, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि सबवूफरसाठी, म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर (बेस) वाजवणाऱ्या वेगळ्या पेटीसाठी, २५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आठ इंची पुरेल की बारा इंची घ्यावा, पोर्टचा (पेटीला हवेची नळी असलेला) बरा की बंद पेटीचा, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. गोव्यात घरोघरी ध्वनियंत्रणा बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि म्हापशापासून काणकोणपर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे येत असतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

इंच आणि वॉट यांच्याकडे वळण्यापूर्वी खोलीचा हिशेब मांडायला हवा. आपल्याकडच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. त्यामुळे ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी सव्वाचार मीटरच्या थोडी पुढे जाते आणि २० हर्ट्झची तर सतरा मीटरच्याही वर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर ज्या स्वराच्या निम्म्या तरंगलांबीइतके असते, तो स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. तुमच्या खोलीच्या लांबीतून हा आकडा सुमारे ४१ हर्ट्झ येतो, रुंदीतून ५२ आणि उंचीतून ६०. याचा अर्थ असा की कोणत्याही कंपनीचा सबवूफर आणला, तरी या तीन स्वरांच्या आसपास खोली आपले स्वतःचे काहीतरी मिसळणारच. काही जागी हे स्वर अंगावर येतील, तर काही जागी जवळजवळ नाहीसे होतील.

स्वस्त सबवूफरची खरी अडचण इथेच आहे. कमी किमतीत छाप पाडायची असते, दुकानातल्या ग्राहकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात दणका जाणवायला हवा असतो, म्हणून अशा पेट्या बहुधा ५० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात जोर देतील अशा बेताने बनवलेल्या असतात आणि त्याच्या खाली त्यांचा आवाज झपाट्याने उतरतो. दुकानाच्या मोठ्या, उघड्या जागेत हा दणका आवडतो. तीच पेटी तुमच्या खोलीत आणली, की तिचा उंचवटा खोलीच्या ५२ आणि ६० हर्ट्झच्या घुमण्यावर नेमका बसतो, आणि गाणे कोणतेही असो, प्रसंग कोणताही असो, एकाच सुरात ढम-ढम ऐकू येऊ लागते. ग्राहक मग म्हणतात, "बेस जास्त झाला." जास्त झालेला असतो तो ५५ हर्ट्झचा पट्टा, आणि ३० हर्ट्झच्या आसपास, जिथे चित्रपटातला गडगडाट खरा भरलेला असतो, तिथे काहीच नसते. म्हणून लहान खोलीसाठी माझा पहिला निकष हा, की पेटी किती जोरात वाजते यापेक्षा ती किती खाली आणि किती सपाट, म्हणजे सगळे स्वर सारख्या जोराने, वाजते हे पाहावे. मोठा आवाज लहान खोली आपोआप देते, पण खालचा स्वर पेटीत मुळात नसेल तर कोणतीही खोली तो पुरेसा देऊ शकत नाही.

माहितीपत्रक वाचताना हाच निकष धरून ठेवा. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीसाठी छापलेल्या क्षणिक ताकदीचे, हजारोंचे आकडे सरळ सोडून द्या. आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, हा निदान अर्थ असलेला आकडा आहे, पण त्यालाही फार मान देऊ नका, कारण वॉट दुप्पट झाले तरी आवाजात फक्त ३ डेसिबलची (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) भर पडते. खरी माहिती असते ती वारंवारतेच्या ओळीत, आणि तीही सोबत मर्यादा दिली असेल तरच. नुसते "२८ ते २०० हर्ट्झ" असे छापलेले असेल तर २८ हर्ट्झला आवाज किती डेसिबलने उतरलेला आहे हे कळायला मार्ग नाही. तो दहा डेसिबलने उतरलेला असला तरी छापणारा खोटे बोललेला नसतो. या बाबतीत पोल्क कंपनीच्या पीएसडब्ल्यू१० या जुन्या, बहुपरिचित मॉडेलचे उदाहरण घेण्यासारखे आहे. दहा इंची ड्रायव्हर (पेटीतला आवाज काढणारा भाग) आणि ५० वॉट आरएमएस असलेल्या या पेटीच्या तपशिलात एकूण पट्टा ३५ ते २०० हर्ट्झ असा दिलेला आहे, आणि सोबतच ३ डेसिबलच्या मर्यादेत, म्हणजे आवाज त्याहून जास्त न उतरता, ती ४० ते १६० हर्ट्झ वाजते हेही सांगितलेले आहे. दुसरा आकडा कमी आकर्षक आहे, पण तुलना करायची ती त्याच्याशीच. ज्या मॉडेलच्या स्वतंत्र मोजण्या सीईए-२०१० या पद्धतीने झालेल्या आणि प्रसिद्ध असतील, त्याला आणखी पसंती द्यावी, कारण त्या पद्धतीत प्रत्येक खालच्या स्वराला, विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) मर्यादेत ठेवून, किती आवाज निघतो ते मोजले जाते.

आता इंचांविषयी. सबवूफरचे काम हवा ढकलण्याचे आहे, आणि ढकललेली हवा म्हणजे कोनचे (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याचे) क्षेत्रफळ गुणिले त्याची पुढेमागे होणारी हालचाल. आठ, दहा आणि बारा इंची कोनच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ढोबळमानाने ६४, १०० आणि १४४ असे पडते, म्हणजे हालचाल सारखी धरली तर बारा इंची कोन आठ इंचीच्या सव्वादोन पट हवा ढकलतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर चौपट हवा ढकलावी लागते. जो आठ इंची ड्रायव्हर ४० हर्ट्झला निवांत वाजतो, त्याच्याकडून २० हर्ट्झला तोच आवाज मागणे म्हणजे त्याच्या हालचालीची चौपट मागणी करणे, आणि ती त्याच्या अंगात नसते. त्यात आपला कानही खालच्या स्वरांना मंद आहे. १००० हर्ट्झचा स्वर अगदी दोन-चार डेसिबललाही ऐकू येतो, पण २० हर्ट्झचा स्वर जेमतेम जाणवायलाच सुमारे ७५ ते ८० डेसिबल लागतात. म्हणून "खोली लहान आहे, आठ इंची पुरे" हा दुकानात नेहमी मिळणारा सल्ला मला पटत नाही. लहान खोलीत मोठा कोन घेतल्याने काही बिघडत नाही. तो कमी हलतो, त्यामुळे त्याची विकृतीही कमी राहते. जागा आणि पैसे परवडत असतील तर दहा इंच हा किमान आकार धरा. आठ इंची घ्यायचा तो खोली खरोखरच दहा बाय दहाहून लहान असेल किंवा ऐकणे प्रामुख्याने गाण्यांचे असेल तेव्हाच.

पोर्ट की बंद पेटी, या प्रश्नामागे एक जुना नियम आहे. अमेरिकेतील केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. बंद पेटीत आतली हवा स्प्रिंगचे काम करते. एडगर विल्चर यांनी १९५४ साली हे तत्त्व वापरून लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखवला, पण त्यासाठी जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो. पोर्टच्या पेटीत नळीतली हवा स्वतः डोलते आणि ठरावीक स्वराला कोनच्या जोडीने आवाज देते. गोव्यातल्या वाचकाला हे समजावण्यासाठी मी घुमटाकडे बोट दाखवतो. चवथीच्या आरतीत घुमट वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताने मडक्याचे मागचे तोंड कमीजास्त झाकतो, तेव्हा आतल्या हवेचा जो भरदार, बदलता नाद बाहेर येतो, त्याच तत्त्वावर पोर्टची पेटी चालते. फरक इतकाच की तिचे तोंड कारखान्यात एकदाच ठरवून दिलेले असते. त्या ठरलेल्या स्वराच्या खाली मात्र कोनमागे हवेचा आधार उरत नाही. मग तो नुसताच फडफडतो, आवाज सप्तकाला २४ डेसिबलच्या दराने कोसळतो, आणि स्वस्त पेटीत असे स्वर गाळणारा फिल्टर नसेल तर मोठ्या प्रसंगाला आतून "खट्" असा आवाज येतो. बंद पेटीत ही उतरण सप्तकाला १२ डेसिबल, म्हणजे पुष्कळ सौम्य असते.

तुमच्यासारख्या बंदिस्त खोलीत याला आणखी एक बाजू आहे. खोलीच्या सर्वांत खालच्या घुमण्याच्या, म्हणजे तुमच्याकडे ४१ हर्ट्झच्या खाली, हवा तरंगासारखी न वागता संपूर्ण खोलीभर एकदम दाबली जाते आणि सैल होते. काँक्रीटचा स्लॅब, पक्क्या भिंती आणि बंद दार-खिडक्या असतील तर त्या पट्ट्यात खोली स्वतः आवाजाला हातभार लावते. बंद पेटीची सौम्य उतरण आणि खोलीचा हा हातभार एकमेकांना बऱ्यापैकी भरून काढतात. एसव्हीएस कंपनीच्या एसबी-१००० प्रो या बारा इंची, ३२५ वॉटच्या बंद पेटीसारखी यंत्रे लहान खोलीत इतकी समाधानकारक वाजतात त्याचे हे एक कारण आहे. पण ते मॉडेल तुमच्या अंदाजपत्रकाच्या पलीकडचे आहे, आणि २५,००० रुपयांच्या आतल्या बंद पेट्यांत बंद पेटीला लागणारी ॲम्प्लिफायरची ताकद आणि कोनची हालचाल सहसा नसते. म्हणून या रकमेत माझा कौल पोर्टच्या दहा इंची पेटीला आहे. मात्र ती ३ डेसिबलच्या मर्यादेत ३५ हर्ट्झच्या जवळपास किंवा त्याखाली उतरणारी असावी, आणि तशी न मिळाल्यास निदान ४० पर्यंत सपाट वाजणारी असावी. दहा इंची पेटी एका हाताने सहज उचलली जात असेल तर लाकूड पातळ आहे आणि चुंबक लहान आहे असे समजायला हरकत नाही. कोनचे तोंड पुढे आहे की खाली, याने ऐकण्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. घरात लहान मुले असतील तर खाली तोंडाची बरी, एवढेच. बिनतारी जोडणीसाठीही वेगळे पैसे मोजू नका, विजेची वायर तर तिलाही लागतेच.

हे सगळे सदनिकेपुरते झाले. चिऱ्यांच्या जाड भिंती आणि वर नळ्यांचे छप्पर असलेल्या जुन्या घरात हिशेब बदलतो. तिथे बेस छपरातून आणि उघड्या दारांतून बाहेर निघून जातो, उतरत्या छपरामुळे उंचीचे घुमणे अंधूक होते, आणि खोलीचा तो फुकटचा हातभार फारसा मिळत नाही. अशा घरात आवाज स्वच्छ येतो, पण पेटी मोठी लागते. तिथे दहा इंचीवर समाधान मानू नये.

नव्या मालात या रकमेत पसंतीचे मिळाले नाही तर वापरलेला सबवूफर घेण्यास मी अजिबात ना म्हणणार नाही. सबवूफरमध्ये हलणारे भाग फार थोडे असतात आणि चांगली पेटी दीर्घकाळ टिकते. पाहायचे ते असे: कोनभोवतीची वर्तुळाकार किनार रबराची आहे की फोमची हे बोटाने हलके दाबून बघा. आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन चिरतो, रबर टिकते. मग मोबाइलवरून ८० हर्ट्झपासून २५ हर्ट्झपर्यंत उतरत जाणारा शुद्ध स्वर हळू आवाजात लावा आणि कान जवळ नेऊन खरखर, घासण्याचा आवाज किंवा हवा गळाल्याची सूं-सूं येते का ते ऐका. शेवटी काहीही न लावता यंत्र नुसते चालू ठेवून पाहा. मोठी गुणगुण येत असेल तर मागच्या ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता आहे.

आपल्याकडे एक खास धोका आहे, तो मुद्दाम सांगतो. जहाजावर काम करणारा भाऊ किंवा मामा अमेरिकेतून सबवूफर घेऊन येतो, तिथे तो स्वस्त पडलेला असतो. अमेरिकेतला पुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० चा. मागच्या पट्टीवर ११५ आणि २३० असा बदलता स्विच असेल तर तो आधी बदलावा, फक्त १२० लिहिलेले असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय प्लग बोर्डात घालूच नये. असा सरळ जोडलेला ॲम्प्लिफायर एका क्षणात जळतो आणि त्याचे सुटे भाग इथे मिळवताना दमछाक होते. जुन्या होम थिएटर संचातला सबवूफर काढून नव्या रिसीव्हरला जोडण्याचा विचार असेल तर तोही सोडून द्या. त्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर बहुधा नसतो आणि रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून येतो तो फक्त अशक्त संदेश.

काही जण सुताराकडून पेटी बनवून घेऊन तिच्यात मोटारीचा सबवूफर बसवतात. हा मार्ग वाईट नाही, पण पेटीचे माप अंदाजाने ठरवले तर पैसे वाया जातात. प्रत्येक ड्रायव्हरचे थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावांनी ओळखले जाणारे गुणांक असतात, आणि त्यांवरून पेटीचे घनफळ व पोर्टची लांबी काढावी लागते. ज्या ड्रायव्हरचे हे गुणांक मिळत नाहीत तो घेऊ नका. पेटीसाठी १८ मिलीमीटरचा मरीन प्लाय वापरा. एमडीएफ आवाजाला उत्तम, पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर कडा फुगून येतात.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरच्या भिंतीला लागून पेटी ठेवू नका, चिऱ्यांची भिंत ओल शोषते आणि ती पेटीच्या मागच्या बाजूला बुरशी आणते. पेटीखाली पाय नसतील तर रबरी पाय लावा. आठवड्यातून निदान एकदा अर्धा तास यंत्र चालवा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या उबेने आतला दमटपणा कमी होतो. उबदार जागा पाहून पोर्टच्या नळीतून झुरळे, मुंग्या आणि पाली आत शिरतात. तोंडावर मोठ्या छिद्रांची जाळी लावावी, कापड किंवा स्पंज कोंबू नये, कारण त्याने पेटीची जुळणी बिघडते. मे महिन्यात आणि पाऊस परतताना विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा, स्विच बंद करणे पुरेसे नाही. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने आरसीए पिना काळ्या पडतात, त्या अधूनमधून काढून पुसाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जागा. इथे पैसे लागत नाहीत, फक्त एक दुपार लागते, आणि तेवढ्यात दहा हजारांच्या पेटीचा जो कायापालट होतो तो आणखी दहा हजार घालूनही होत नाही. पहिली गोष्ट सोफ्याची. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर ४१ हर्ट्झचा दाब सर्वाधिक असतो, खोलीच्या अगदी मधोमध तो जवळजवळ शून्य असतो. सोफा भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे घ्या. मग सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, बेस गिटारची सलग चाल असलेले एखादे गाणे लावा (बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते, त्यामुळे तुमच्या खोलीसाठी ही परीक्षा नेमकी आहे) आणि भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून, खोलीभर रांगा. जिथे सगळे सूर सारख्या जोराने आणि वेगवेगळे ऐकू येतील ती जागा खूण करून ठेवा आणि सबवूफर तिथे न्या. ध्वनी देणारा आणि घेणारा यांची जागा बदलली तरी दोघांमधला परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. कोपऱ्यात ठेवल्याने आवाज सर्वांत मोठा मिळतो, पण खोलीचे तिन्ही घुमणे तिथून पूर्ण जागे होते. समोरच्या भिंतीच्या मधोमध ठेवल्यास रुंदीचे, म्हणजे ५२ हर्ट्झचे घुमणे फारसे उठत नाही. तुमच्या खोलीत मी प्रथम तिथेच ऐकून पाहीन.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून एक साधी, आवरण असलेली आरसीए केबल पेटीच्या एलएफई (चित्रपटातल्या खालच्या स्वरांची वाहिनी) लिहिलेल्या तोंडात घाला. पेटीवरचा क्रॉसओव्हरचा, म्हणजे कोणत्या स्वराखालचे काम सबवूफरकडे जावे हे ठरवणारा, खटका शेवटच्या टोकाला किंवा एलएफई खुणेवर ठेवा, कारण ते काम रिसीव्हरने करायचे आहे. दोघांनी केले तर आवाज दोनदा कापला जातो. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. याहून फार वर नेलात तर पुरुषी आवाजाचा खालचा भाग सबवूफरमधून येऊ लागतो आणि संवाद जमिनीतून आल्यासारखे वाटतात. गेन (पेटीवरचे आवाजाचे बटण) मधोमध ठेवून रिसीव्हरची स्वयंचलित मोजणी करा, माइक बसल्यावर कान असतात त्या उंचीवर ठेवा. मोजणीनंतर रिसीव्हर सबवूफरचे अंतर फीतपट्टीपेक्षा जास्त दाखवत असेल तर ते दुरुस्त करू नका, पेटीतल्या विजेच्या मंडलांना लागणारा विलंब त्याने त्यात धरलेला असतो. मग फेजचा खटका, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या कंपनांचा मेळ जुळवणारा, शून्य आणि १८० दोन्हींवर करून, ८० हर्ट्झचा स्वर पुढच्या स्पीकरसह लावून, जिथे बसल्या जागी आवाज भरतो ते निवडा. स्वयंचलित दुरुस्ती उंचवटे कापू शकते, खड्डे भरू शकत नाही; बसल्या जागी एखादा स्वर नाहीसाच होत असेल तर गेन वाढवण्याऐवजी पेटी किंवा सोफा दोन फूट सरकवावा.

खडखडाट झाला की लोक प्रथम सबवूफरला दोष देतात. डिचोलीच्या एका घरात नवी पेटी फुटली अशी तक्रार होती. मी मोबाइलवरून स्वर हळूहळू चढवत नेला, ४६ हर्ट्झला खडखड सुरू झाली, आणि घरातल्या ताईंनी सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीवर तळहात ठेवताच ती थांबली. खिडकीच्या खाचेत रबराची पातळ पट्टी बसवल्यावर काम झाले. शोकेसच्या काचा, पडद्याच्या कड्या, लोखंडी कपाटाचे दार, भिंतीवरच्या तसबिरी, सगळे याच पद्धतीने एकेक तपासावे. सतत येणारी गुणगुण मात्र वेगळी. ती ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि बहुधा अर्थिंगच्या वेगवेगळ्या वाटांमुळे येते. सेट-टॉप बॉक्सची केबल क्षणभर काढून पाहा. गुणगुण थांबली तर कारण तिथे आहे. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावर घ्या. अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, तो जिवावर बेतणारा आहे.

शेजाऱ्यांविषयी तुम्ही आधीच विचार केलात, हे फार चांगले केलेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे मोजमाप ज्या पद्धतीने होते ती खालच्या स्वरांना फार कमी लेखते. ४० हर्ट्झच्या स्वरातून ती सुमारे ३५ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. म्हणजे मीटर मर्यादेत असतानाही खालच्या घरात आजारी माणसाच्या खाटेला हादरा पोहोचू शकतो. पेटीखालचा जाड रबरी किंवा फोमचा पाट लादीत थेट उतरणारे कंपन कमी करतो, हवेतून स्लॅबला बसणारा दाब कमी करत नाही. त्यामुळे खरा उपाय आवाजाच्या पातळीचाच आहे: रात्री दहानंतर सबवूफरची पातळी पाच-सहा डेसिबलने खाली आणा, रिसीव्हरचा रात्रीचा, मोठे आवाज दाबणारा मोड चालू करा, आणि बसवल्या दिवशी एकदा खालच्या घरी स्वतः जाऊन उभे राहून ऐका.

पुढे आणखी पैसे हाताशी आले तर मोठ्या सबवूफरकडे वळण्याऐवजी याच मॉडेलचा दुसरा घ्या. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर ठेवलेल्या दोन सबवूफरची मांडणी आयताकृती खोलीत फार प्रभावी ठरली होती. तुमच्या खोलीत एक पुढच्या भिंतीच्या मधोमध आणि दुसरा सोफ्यामागे भिंतीच्या मधोमध ठेवला तर लांबीचे ४१ हर्ट्झचे घुमणे दोघे मिळून बरेचसे मोडून काढतात, रुंदीचे ५२ हर्ट्झचे मुळात उठत नाही, आणि सोफ्यावरच्या तिघांना जवळजवळ सारखा बेस ऐकू येतो. म्हणून आज मॉडेल निवडताना ते बाजारात नियमितपणे मिळणारे आहे का हे विक्रेत्याला विचारून घ्या, आणि सोफा पुढे घेताना मागे पेटी मावेल इतकी जागा आत्ताच सोडा.